बागेतला शेरू

अर्जावर बाविसावी सही झाली आणि तेवढ्यात पलीकडच्या बागेतून शेरू भुंकला. ओट्यावर जमलेल्या सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. देवकीनं आधी लेकीचा, जयाचा हात धरला, मग पेनाला टोपण लावलं.

शहराबाहेर, हुडकेश्वर गावाच्या वाटेवर संत्र्याची जुनी बाग मोडून प्लॉट पडले होते. दहा-बारा घरं नुकती उभी राहिली होती. उरलेली अर्धी बाग तुटक्या तारेच्या कुंपणात तशीच पडून होती. मालक अमरावतीला. राखण म्हाताऱ्या देवाजीची, आणि देवाजी सांगे त्याप्रमाणे शेरूची. शेरू अल्सेशियन होता म्हणे, मालकानं जबलपूरच्या कुणा मिलिटरीवाल्याकडून आणलेला. त्याला धड कुणी पाहिलं नव्हतं. टिनाच्या आडोशामागं साखळी खळखळायची आणि मग असं भुंकणं उठायचं, की वाटेवरची सायकल आपसूक दुसऱ्या कडेला जायची. पोरांनी तर गाणंच केलं होतं:

बोरं पिकली बागेत रे, शेरू बसला रागात रे,
पाय टाकील त्याची चप्पल शेरूच्या दातात रे!

गाणं ऐकून बाकीच्या बाया हसायच्या. देवकीला हसू येत नसे. सीताबर्डीला तिच्या भाच्याला कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं. चौदाही दिवस त्याचे पाय धरायला तीच होती. तिचा नवरा कोराडीला वीजघरात शिफ्टवर जाई, घरी ती आणि सहा वर्षांची जया. अर्जाची कल्पना तिचीच. मागणी एकच: आठ दिवसांत कुत्रा हलवा, नाहीतर मारा.

मधुकरराव कचेरीत कारकून. त्यांनी अर्जात आपल्या पदरची दोन वाक्यं घातली, की ही जात लांडग्याच्या रक्ताची असून सरकारनं तिच्यावर बंदीच घालावी. दूधवाला ओमप्रकाश सही करून वर वाद घालत होता. त्याच्या दाराशी दोन गावठी कुत्री. त्याचं म्हणणं, जात वाईट नसते, बांधणारा वाईट असतो. गल्लीतलं मरतुकडंही चावायचं तेव्हा चावतंच. त्यावर मधुकरराव अर्धा तास बोलले.

"साऱ्यात जास्त तं तुम्हीच भुंकून राहिले, मधुकरराव," ओमप्रकाश म्हणाला, आणि बायांनी तोंडाला पदर लावले.

अर्ज सोमवारी ग्रामपंचायतीत जायचा होता. शनिवारी सकाळी जया शाळेत गेल्यावर देवकी फाटकाशी गेली. मागून घाव घालायचा नाही, समोर जाऊन एकदा सांगायचं, असा तिचा स्वभाव. देवाजी गळ्याला मफलर गुंडाळून आला, गालात खडीसाखर. आवाज रिकाम्या जात्यासारखा. हा माणूस तरुणपणी दंडारीच्या नाचखेळात सोंगं काढून रात्रभर गावं हसवायचा, हे खरं वाटू नये.

"काहून ठेवता बुवा असं जनावर? एखाद्या लेकराले फाडलं तं?"

"तार वलांडली नाही तं कोनाले काही होत नाही, बाई."

"अन् वलांडली तं?"

देवाजीनं खडीसाखर या गालातून त्या गालात घेतली. "म्हनून तं तो भुंकते."

आणि खोकत खोकत तो आत गेला. देवकीनं मनातल्या मनात अर्जाची घडी पक्की केली.

दुपारी अर्धी शाळा सुटली. पोरं आली, जया आली नाही. देवकी भाकर थापत होती, आणि शेरू भुंकू लागला. असा तो कधी भुंकला नव्हता. चिरका, फाटका, जीव तोडून. मग एकाएकी बंद.

भाकर तव्यावरच राहिली. धुण्याची मोगरी उचलून देवकी धावत सुटली. कुंपणाच्या भोकातून जया रडत बाहेर येत होती, तारेत अडकून फ्रॉक फाटलेला, एका पायात चप्पल नाही. देवकीनं तिचे हात पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, मान पाहिली. दाताचा ओरखडासुद्धा नव्हता. छातीवरचा दगड उतरला आणि त्याच जागी राग चढला. पोरीला तिनं घराकडं पिटाळलं आणि मोगरी घट्ट धरून तारेतून आत शिरली. आज त्या कुत्र्याचं डोकंच फोडायचं होतं.

वीस पावलांवर ती थांबली.

गवतात जयाची चप्पल पडली होती. चपलेपुढं वीतभर गवत होतं आणि त्याच्यापुढं काहीच नव्हतं. बागेची जुनी विहीर, काठ ढासळून भुईला मिळालेला. बोरीची लदबदलेली फांदी नेमकी तिच्यावरच वाकलेली. खोल खाली काळं पाणी, त्यात एक पिकलं बोर गोल गोल फिरत होतं.

ती दोन पावलं मागं सरली आणि टिनाच्या आडोशाकडं वळली. साखळी होती. एका टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं. दुसरं टोक देवाजीच्या मुठीत होतं.

तो घामानं निथळत टिनाला टेकून बसला होता, एक हात गळ्यावर. बोलायला गेला तर नुसता वारा आला. देवकी कान देऊन खाली वाकली.

"विहीर हाय म्हटलं का पोट्टे पाह्याले येते," तो कुजबुजला. "मालकाले चार चिठ्ठ्या धाडल्या. सोमवारी मुरमाच्या गाड्या येनार हाय, बुजवाले. दोनच दिवस, बाई."

तारेपलीकडून गाणं आलं. बोरं पिकली बागेत रे. शेरू गप्प झाला, हे पोरांनी बरोबर हेरलं होतं. एकानं तार वर उचलून धरली, दुसरा वाकला.

देवाजीनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

देवकीनं मोगरी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला, त्याच्या मुठीतून साखळी घेतली, टिनावर दोनदा आपटली, आणि छाती भरून भुंकली.