दगडाला हात लावू नये

“समुद्रावर गेलीस ना इंदू, की आधी झेंडा पाहायचा,” पुष्पाआत्या म्हणाली, आणि तेवढ्यात नदीकडून गलका उठला. आत्याने आवाज चढवला. “लाल झेंडा लावलेला असला, तर पाण्यात पायसुद्धा टाकायचा नाही!”

इंदूची आई दाराला अडसर लावून तिथेच, दाराला पाठ टेकून बसली होती. “अन् तिथचे पोट्टे आयकतात?” तिने विचारलं.



पोळ्याचा दुसरा दिवस होता. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलं होतं, त्याच्या शेंड्याला झेंडा. पलीकडचे पांढुर्ण्याचे लोक तो न्यायला येणार, अलीकडचे सावरगावचे त्यांना दगडगोटे मारून अडवणार. दरवर्षीचीच ही गोटमार. पण यंदा इंदूचा भाऊ गुणवंता पहिल्यांदाच पाण्यात उतरला होता. बाबा पहाटेच संत्र्याच्या बगिच्यात निघून गेले होते. गोटमारीच्या दिवशी ते गावात थांबतच नसत.

इंदूला सकाळपासून भीती वाटत होती. पण नववीत जायचं, शाळेच्या गाइड पथकाची लीडर व्हायचं, आणि वर भ्यायचं म्हणजे काय! तिने गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. शिट्टी ती झोपतानाही काढत नसे. फक्त घरात वाजवायची नाही, अशी आईची ताकीद होती.

“मी जाणारच आहे ग्रीसला,” ती म्हणाली. “अजून सांग, आत्या.”

आत्याचे जावई जहाजावर इंजिनिअर. त्यांच्यासोबत ती उन्हाळ्यात ग्रीस पाहून आली होती, आणि नागपूरहून माहेरी आल्यापासून तिचं तेच चाललं होतं. आज तर ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. भर दुपारी वाळूवर पडायचं नाही, गोऱ्यांचीसुद्धा चामडी सोलून निघते. पर्स पोटाशी धरायची. बाटली हॉटेलातूनच भरून न्यायची, कारण बाहेर पाणी विकतात.

“पाणी विकतात?” आई म्हणाली. “बाप्पा!”

ठण्णकन् टिनावर काहीतरी आदळलं. गडगडत छपराच्या कडेपर्यंत आलं आणि मागच्या अंगणात धप्पकन् पडलं. गोफणीतून सुटलेला गोटा.

“आणि... आणि तिथली ती जुनी देवळं,” आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “नुसते खांब उभे, बरं का. वर छत नाही, आत देव नाही. पायात कॅनव्हासचे जोडे घालायचे, पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात. आणि कशालाही हात लावायचा नाही. मी हा एवढासा खडा उचलला, नुसता पाहायला, तर तिथल्या पहारेकऱ्यानं अशी शिट्टी फुंकली! सगळे माझ्याकडेच पाहायला लागले. हातातून कधी सुटला मलाच कळलं नाही.”

“गोट्याले राखण?” आईने विचारलं.

“गोट्याला राखण, वहिनी.”

आई हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

गल्लीत पळणारे पाय वाजले. आईने दाराच्या फटीला डोळा लावला. चौघं मिळून कोणाला तरी उचलून नेत होते.

“पांढरा शर्ट हाय,” ती म्हणाली. गुणवंताचा निळा होता. मग तिने पदर तोंडाला लावला. “कोणाचा तरी हायेच ना पण.”

आत्या पुन्हा ग्रीसचं काही सांगायला लागली.

आणि दार धडधडलं. “आई! दार खोल!”

गुणवंता. गुडघ्यापर्यंत ओला, धापा टाकत. आईने त्याचं डोकं, कपाळ, खांदे चाचपून पाहिले. कुठेच काही नव्हतं.

“काही नाही झालं वो मले. सोड. गोटे संपले.”

तो घरातून थेट मागच्या अंगणात गेला. तिथे पेरूखाली संत्र्याची पेटी होती. पोळ्याच्या कितीतरी आधीपासून निवडून निवडून त्याने ती नदीतल्या गोट्यांनी भरली होती. आई धावत जाऊन पेटीपुढे उभी राहिली.

“तिकून, पांढुर्ण्याकडून, तुह्या मामाचा श्रावण हाय, गुणवंता.”

“दिसला मले. तोही मारूनच राहिला.”

हे तो अगदी सहज बोलला. हा तिचा भाऊ होता. काल रात्री आत्याने आणलेल्या बिस्किटांसाठी तिच्याशी भांडलेला. त्याने आईला हाताने बाजूला केलं, शर्टाचा ओचा पसरला आणि तो वाकला.

इंदूने ठरवलं काहीच नाही. शिट्टी तोंडात गेली आणि होता नव्हता तेवढा दम तिने फुंकला.

गोठ्यातला बैल दचकून उभा राहिला. गुणवंताचा हात पेटीवर तसाच थांबला.

“काय वं इंदे, पागल झाली का?” तो हसला. पण हात खाली गेला नाही.

ती पुन्हा फुंकत होती. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, “गुणवंता, चाल ना बे!” त्याने दाराकडे पाहिलं, मग पेटीकडे. इंदूचा दम संपत आला होता, डोळ्यांपुढे पेरूचं झाड हलत होतं, आणि शिट्टीचा आवाज बारीक, बारीक होत चालला होता.

“थांबू नको, माय,” आई म्हणाली. “वाजव.”