आठ नंबरला कोण अडवणार?

बास्केटबॉलच्या सेमीफायनलमध्ये मध्यंतराला नागपूरच्या मुली नऊ गुणांनी मागे होत्या. प्रेक्षकांत नलिनीच्या पुढेच तिची थोरली बहीण बसली होती. लग्नातल्या मानपानावरून दोघींचा दोन वर्षं अबोला होता.

“त्यांच्या आठ नंबरला अडवायला आपली उंच मुलगी लावा,” ताई शेजारणीला सांगत होती.

नलिनीला राहवलं नाही. “ताई, उंच मुलगी वळेपर्यंत आठ नंबर बास्केट करून मोकळी होईल. चपळच हवी.”

ताई गर्रकन वळली. “कॉलेजच्या टीममध्येही हेच म्हणायचीस.”

“आणि तू ऐकायची नाहीस.”

प्रशिक्षकांनी आधी उंच मुलगी लावली, मग चपळ. नागपूर दोन गुणांनी जिंकलं आणि दोघींनाही आपलंच खरं वाटलं.

गॅलरी रिकामी झाली तरी वाद संपेना. “घरी चल,” ताई म्हणाली, “उरलेलं जेवताना भांडू.”