काकूंनी काढून टाकलेली आठवण

लहानपणी आई मोरीत कोंडायची, ती आठवण काढून टाकायला यामिनी मिरजेच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, "आठवण अर्धी निघत नाही. मोरीबाहेर उभं राहून गोष्टी सांगणाऱ्या शेजारच्या काकूही तिच्यासोबत जातील."

यामिनी खुर्चीतून उठली आणि थेट जयसिंगपूरला, त्या सुमतीकाकूंच्या घरी आली.

दार काकूंनीच उघडलं. "कोण गं तू?"

यामिनीने नाव सांगितलं, तरी काकूंना ओळख पटेना. तेव्हा काका बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझं रडणं हिच्या कानातून जाईना. पोरीला सोडवलं नाही म्हणून झोपेतून दचकून उठायची. शेवटी मीच नेऊन ती आठवण काढून आणली."

यामिनी काकूंच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. बाहेरून लावलेली कडी, आतला काळोख, खिडकीच्या जाळीतून आत येणारी काकूंची बोटं. "आई तुमच्यावर खेकसायची, तरी माझं रडं थांबेपर्यंत तुम्ही हलायचा नाहीत."

"पण दार नाही ना उघडलं मी?"

"नाही. पण आपलं कुणीतरी बाहेर उभं आहे, हे मला कळायचं. त्याच बळावर मी मोठी झाले, काकू."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "हे आता काढायचं नाही हं."