बोळ्ळी उठत नाही

लोलाक्षीनं शेवटचं अंडं कानाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. तिनं ते बाकीच्या अंड्यांत ठेवलं आणि माडाच्या बुंध्याशी खड्डा करून सगळी गुपचूप पुरायला घेतली. वास शेजारी गेला असता तर वारिजक्का आली असती, आणि वारिजक्का आली की तिची मतंही आली. खड्डा बुजायच्या आतच ती कुंपण ओलांडून आली.

बोळ्ळी मात्र टोपलीतून उठेना. खाली एक अंडं उरलं नव्हतं, तरी पिसं फुलवून, डोळा एका जागी लावून ती खुडूक बसलेली. पांढरीशुभ्र कोंबडी, पण आता पार मळकी दिसत होती. तुरा फिका पडला होता, छातीचं हाड हाताला लागत होतं, आणि पुढ्यात टाकलेल्या तांदळाकडे ती बघायलाही तयार नव्हती. लोलाक्षीनं तिला विहिरीवर नेऊन पोटापर्यंत गार पाण्यात बुडवून काढलं. ती निथळत परत आली आणि लोलाक्षीच्या नवऱ्याची पोफळीच्या पानाची टोपी ओसरीवर पडली होती, तिच्यात जाऊन बसली.

लोलाक्षीला तिच्या आईनं एक कोंबडी दिली होती, ही त्या कोंबडीच्या लेकीची लेक. बाकीच्या मुंगसानं नेल्या. ही अशी उपाशी बसून गेली असती तर आईच्या हातचा तो वाण संपलाच असता.

"ढगांच्या गडगडाटानं गेली अंडी," लोलाक्षीचा नवरा कोरगप्पा ओसरीवरून म्हणाला. तो आपल्या झुंजीच्या कोंबड्यावर घातलेल्या डालग्याशेजारी पहारा देत बसला होता. परवा जत्रेनंतर झुंज होती. "टोपलीत लोखंड ठेवायला नको होतं का?"

लोलाक्षीनं पेंढा बाजूला सारून लोखंड दाखवलं. महिनाभर तो शोधत होता ती त्याची कोयती निघाली.

मग वारिजक्का सुरू झाली. कुणाची तरी दृष्ट लागली असेल. टोपलीचं तोंड चुकीच्या दिशेला असेल. मंगळवारी बसवली असेल. लोलाक्षीनं मंगळवार टाळला होता, दिशा पाहिली होती, दृष्ट लागू नये म्हणून कोळसा आणि सुकी मिरचीही ठेवली होती. वारिजक्काजवळची कारणं संपली. ती सहज म्हणून गेली, "बरं, बाप कोण होता या अंड्यांचा?"

"बाप?" लोलाक्षी म्हणाली.

हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता. घर लोलाक्षीच्या आईचं, मळा आईचा, मुलांना घराणं लागायचं ते आईचं, आणि अडलंनडलं विचारायला मामा होता. खुद्द कोरगप्पा लग्न करून इथं राहायला आला तो बगलेत एक कोंबडा घेऊन. म्हणून बोळ्ळीला बसवताना लोलाक्षीनं कोंबडी पाहिली, अंडी पाहिली, पेंढा उन्हात वाळवून घेतला. आणखी काही लागतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिघांनीही डालग्याकडे पाहिलं. बिसूच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधीपासून कोंबडा त्याच्याखाली होता. कोंबड्यांत फिरलेल्या कोंबड्याच्या पायातला जोर जातो, अशी कोरगप्पाची पक्की समजूत. शेजारपाजारचे कोंबडे कुंपणाशी यायचे, त्यांनाही त्यानं दगड मारून हाकललं होतं, आपल्याचं चित्त चळू नये म्हणून.

कोरगप्पा खाकरला. "बापाचं काय एवढं? आपल्यात पोरं आईच्याच घराण्याची."

"घराण्याची, हो," लोलाक्षी म्हणाली. "पण आधी व्हायला तर लागतात ना?"

ती तरातरा ओसरीवर गेली आणि तिनं डालगं उचललं. कोरगप्पा अगं अगं करत राहिला. खाली कोंबडा होता, आणि त्याच्या पुढ्यात करवंटीत भिजवून सोललेल्या बदामांचे तुकडे. सणाच्या पायसाला मूठभर बदाम मागितले तेव्हा या माणसानं महागाईवर अर्धा तास ऐकवलं होतं. लोलाक्षीनं करवंटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो माडाला नारळ किती लागलेत ते बघत होता.

कोंबड्यानं अंग झाडलं, एक बांग दिली, एक पंख जमिनीला टेकवला आणि मोठ्या तोऱ्यात तिरका तिरका बोळ्ळीकडे निघाला. बोळ्ळीनं टोपीतूनच मान वर केली. तो हातभर अंतरावर आला आणि ती उसळली. चोच, नख्या, पंख, जे जे होतं ते सगळं घेऊन त्याच्या अंगावर धावली. विहिरीभोवती एक फेरा झाला, कोहळ्याच्या वेलातून दुसरा झाला. परवाचा पैलवान शेवटी कोरगप्पाच्या लुंगीमागे शिरला, तो काही केल्या बाहेर येईना. वारिजक्का हसता हसता मटकन खाली बसली. कोरगप्पाला हसू आलं नाही. गावभर त्यानं या कोंबड्याच्या बढाया मारल्या होत्या.

बोळ्ळी ओसरीवर धापा टाकत उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून उठली होती. ती परत टोपीकडे वळली. पण वाटेत करवंटी होती. बोळ्ळीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं आत पाहिलं. एक तुकडा उचलला, टाकला, परत उचलला आणि गिळला. मग तिनं मानच वर केली नाही.

कोरगप्पाचा हात आपसूक करवंटीकडे गेला.

"हात लावू नका," लोलाक्षी म्हणाली. "बाळंतीण आहे ती."