वरचा बोल्ट

"बाबा, आधी वरचा बोल्ट खुलते का पाहा, मंगच खालचा खोला," पोरानं फोनवर बजावलं होतं. जन्मभर ट्रॅक्टरचं तेल बदललेल्या उकंडानं ते हसण्यावारी नेलं. बायकोच्या दम्यापायी पोरानंच घेऊन दिलेल्या ऑटोमॅटिक गाडीखाली तो शिरला अन् गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट खोलला. काळंकुट्ट तेल घमेल्यात उतरलं. नवं तेल भरायचा वरचा बोल्ट मात्र गंजून बसला होता. हिसडे देता देता पाना घसरला अन् बोल्टाचे कोपरेच झिजून गेले. तेलाविना गाडी जागची हलणार नव्हती, अन् गावात दुसरी नव्हतीच. दवाखाना झरीच्या जंगलापलीकडे. तेवढ्यात ओट्यावर बायकोचा दमा उसळला. डोक्यावर गाडीचं दार उघडलं, लागलं. गाडी किंचित दबली. "अवो, चाला लवकर," ती धापा टाकत म्हणाली, "मी बसली बरं." पाठोपाठ सीटचा पट्टा लावल्याचा खटका वाजला.