फणसाची माफी

मध्यस्थी केंद्रातल्या बाईंनी हसत कागद पुढे सरकवला. "रत्नप्रभाताई, तडजोड झाली! संगणकातल्या तुमच्या प्रतिरूपाने जयरामांच्या प्रतिरूपाला चार मिनिटांत माफ केलं. आता फक्त सही करा."

रत्नप्रभाचं टाळकंच सडकलं. तिच्या नवऱ्याने लावलेला फणस या शेजाऱ्याने तोडला होता आणि वर्षभरात तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आत्ताही तो समोरच बसला होता, मोबाइलमध्ये डोकं खुपसून.

"माझ्या प्रतिरूपाने रडून माफी मागितली की, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. "आणखी काय हवं?"

तिने कागद टराटरा फाडला.

"फणस तोडायला प्रतिरूपाला धाडलं होतंस? कुऱ्हाड तुझ्या हातात होती ना, जयराम? मग तोंडही तुझंच उघड."