बारका बेस

"ह्यो बघा काकी. एवढासा तर हाय," स्वराज म्हणाला आणि टेम्पोतला स्पीकरचा काळा डबा त्यानं एकट्यानं उचलून गिताबाईच्या अंगणात ठेवला. डबा जेमतेम त्याच्या गुडघ्याला लागत होता.

गिताबाईनं तो वाकून बघितला. राहू गावाच्या रस्त्याला लागूनच तिचं कोंबड्यांचं शेड होतं. गेल्या साली एक वरात शेजारून गेली, तेव्हा गाडीवर माणसाच्या उंचीचे बेस होते. त्या धडधडीनं कोंबड्या बुजल्या, एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि खालच्या चेंगरून मेल्या. आज सर्जेरावांच्या पोराची वरात होती. मोठा डीजे लावू नका, एवढंच ती त्यांच्या दारात जाऊन सांगून आली होती. सर्जेरावांनी ऐकलं. काम तिच्याच पुतण्याला, स्वराजला दिलं, कारण त्याच्याकडं हे नवे बारके डबे होते.

"मोठ्यावानी वाजतं का ह्ये?" तिनं विचारलं.

"वाजतं की. पण जवळ असंल त्यालाच. लांब जात न्हाई. आन् शेडपाशी आलो की मी स्वतः बारीक करतो. माझ्यावर सोडा."

तिनं त्याच्यावर सोडलं.

ऊन उतरल्यावर वरात निघाली. गिताबाई आणि तिची सून स्वप्नाली शेडमध्येच थांबल्या. कोंबड्या भरल्या अंगाच्या झाल्या होत्या; त्या न्यायला कंपनीची गाडी यायची होती. जाळीवरचे पिवळे पडदे स्वप्नालीनं अर्धेच लावले. पूर्ण लावले असते, तर आत उकाड्यानंच त्या गेल्या असत्या.

लांबून गाणं यायला लागलं. कोंबड्या खात होत्या. एखादी मान वर करायची, पुन्हा खाली घालायची.

"खरंच लई बारीक हाय की, आत्या," स्वप्नाली म्हणाली.

वरात शेडच्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. पडद्याआडून पोरांचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "स्वराज्या, खेळणी आणलीस व्हय रं? ह्याच्यापरीस माझा मोबाइल मोठ्यानं वाजतो." पुन्हा सगळे हसले. मग गाणं बंद झालं. रस्ता शांत झाला. पोरानं शब्द राखला, असं गिताबाईच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

तेवढ्यात पहिला ठोका बसला.

तो कानात आला नाही. पायाखालून आला, पोटात शिरला. कोंबड्यांच्या भांड्यांतलं पाणी थरथरलं. सगळ्या कोंबड्या एकदम उभ्या राहिल्या. एकीनंही आवाज केला नाही. दुसऱ्या ठोक्याला त्या पळाल्या.

"जा, थांबव त्याला," गिताबाई म्हणाली. स्वप्नाली धावत बाहेर गेली.

गिताबाई हात पसरून कोपऱ्याकडं गेली. वरच्या कोंबड्या उचलून ती मागं टाकायची, त्या उलट तिच्याच पायांतून पुन्हा कोपऱ्यात घुसायच्या. पांढरा ढीग तिच्या मांडीला लागला. भिंत हादरत होती. ती काहीतरी बोलत होती, पण तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. गाणं संपेपर्यंत ती उचलत राहिली.

स्वप्नाली परत आली, तेव्हा तिचे केस सुटले होते. "मी हात जोडले, आत्या," ती म्हणाली. "बायास्नी वाटलं नाचाया आले. मला फुगडीला वढलं."

तिच्या मागोमाग स्वराज आला. अंगातला शर्ट घामानं भिजलेला, हातात मोबाइल. दारात उभ्या गिताबाईपुढं त्यानं तो धरला.

"काकी, ऐकला न्हवं? दौंडच्या डीजेच्या गाडीवर आठ मोठे बेस असत्यात. माझ्या ह्या दोन डब्यांनी तेवढं काम केलं. हसणारी समदी गप झाली. ह्यो व्हिडिओ बघा."

व्हिडिओत पोरं नाचत होती. मोबाइलमधून चिरका आवाज तेवढा येत होता, ठोका नव्हताच. नाचणाऱ्यांच्या मागं शेडचे पिवळे पडदे एका तालात फडफडत होते.

"पडदे बघा तुमचे," स्वराज म्हणाला. "ग्रुपवर टाकलाय. सकाळपातूर वरातींच्या सुपाऱ्या येत्यात का न्हाई बघा."

"बारीक करणार हुतास," गिताबाई म्हणाली.

"करणारच हुतो. पण ती पोरं हसाया लागली, काकी. एकच गाणं लावलं."

ती दारातून बाजूला झाली.

स्वराजनं आत पाहिलं. मोबाइल खिशात घालताना त्याला खिसा सापडेना.

"वरच्या जित्या असतील," ती म्हणाली. "वरनं काढ. दमानं काढ."

तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक उचलू लागला. जिती निघाली की स्वप्नालीकडं द्यायचा. आधी बऱ्याच निघाल्या. मग कमी निघायला लागल्या. मग नुसत्याच गरम लागायच्या, मान हाताबाहेर लोंबायची. अशा त्यानं भिंतीकडेला ओळीनं ठेवल्या. ओळ दारापर्यंत आली, तेव्हा त्यानं दुसरी ओळ धरली.

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. दोन्ही हातांत दोन कोंबड्या धरून तो तसाच बसून राहिला. फोन बंद झाला, पुन्हा वाजला.

"घे की," गिताबाई ढिगावरून मान वर न करता म्हणाली. "सुपारी आसंल."